न काढलेले फोटो

भाचीचा फोन आला तेव्हा याहाच्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती. याहा म्हणजे आई. आमच्या भिलोरीत आईला याहा म्हणतात. मी मराठी शाळेत शिकले, नर्स झाले, इतकी वर्षं म्हसावदला काढली, तरी माझ्या तोंडी तिच्यासाठी दुसरी हाक आली नाही. ती धडगावच्या पलीकडे डोंगरात माझ्या भावाकडे राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी तिला खाली आणलं होतं. शहाद्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस चुलीचा धूर टाळायला सांगितला, म्हणून ती माझ्याकडेच थांबली होती. काळा चष्मा लावून ओट्यावर बसायची आणि समोरच्या केळीत पाणी सोडणाऱ्या माणसाला न्याहाळत राहायची. नव्या डोळ्याला सगळं फार उजळ दिसतं अशी तिची तक्रार होती. "तुझ्या घराची भिंत इतकी मळलीय, हे मला आधी दिसतच नव्हतं," असं ती मला एकदा म्हणाली.

भाची म्हणजे माझ्या भावाची थोरली मुलगी. बारावीनंतर ती शहरात कलेच्या कॉलेजात गेली आणि तिथं फोटोग्राफी शिकली. फोटो काढून पोट कसं भरणार, असं भाऊ मला विचारायचा आणि मी त्याला उगाच धीर द्यायचे. मलाही ते कळत नव्हतं. ती मला फुई म्हणते, म्हणजे आत्या. तर त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "फुई, नंदुरबारच्या म्युझियममध्ये माझे फोटो लावलेत. आजीला घेऊन ये. तीपण आहे त्यात."

मी याहाला विचारलं, "तुझा फोटो काढला होता का तिनं?"

"काढला असेल. मला उन्हात उभं करून ठेवलं होतं," याहा म्हणाली. "एवढं मोठं यंत्र लावलं होतं आणि सारखी म्हणायची, आजी, इकडे बघू नको."

आमच्या घरात फोटो नव्हते. माझ्या लहानपणी होळीला कॅमेरेवाले डोंगरात यायचे. कमरेला घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालून नाचणाऱ्यांच्या भोवती ते गुडघे टेकून बसायचे. एकदा त्यांच्यातल्या एकानं माझ्या काकूला अंगातला स्वेटर काढायला लावला होता. पहाटेची थंडी होती आणि तो स्वेटर तिनं शहाद्याच्या बाजारातून हौसेनं आणला होता. तिनं काढला, फोटो दिला, पुन्हा घातला. नंतर बरेच दिवस ती म्हणायची, माझा चांगला स्वेटर त्याला का नको होता कोण जाणे. ते फोटो आमच्यापर्यंत कधी आले नाहीत. वडिलांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. त्यात ते घाबरल्यासारखे दिसतात, आणि मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलेलं नाही.

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. प्रकाशाच्या पुलावर याहानं चष्मा वर करून तापीचं पाणी पाहिलं. दोन्ही बाजूंना ऊस आणि कापूस होता. "एवढी सपाट जमीन," ती म्हणाली. मी लहान असताना ती आणि वडील दर हंगामात ऊसतोडीला इकडेच उतरायचे, तरी दर वेळी ती हेच म्हणते.

म्युझियम लहानसंच आहे. दारात याहानं चप्पल काढली. तिथला वॉचमन खुर्चीवरून उठून म्हणाला, "आजी, चप्पल राहू द्या. आठे काढानी गरज नही." याहानं ऐकलं नाही. देवळात असतो तसा गारवा होता, म्हणून असेल कदाचित. पहिल्या खोलीत टोपल्या, मासे धरायचे सापळे, धनुष्यबाण, चांदीचे दागिने असं सगळं काचेत ठेवलं होतं. याहा प्रत्येक काचेपुढे थांबली. धान्य ठेवायच्या कणगीपुढे येऊन म्हणाली, "हिला बाहेरून शेण नीट लावलेलं नाही. उंदीर शिरतील." कोपऱ्यात प्लास्टरची एक बाई उभी होती, आमच्याकडचा पेहराव केलेली. याहानं तिच्याभोवती चक्कर मारली आणि मला हळूच विचारलं, "ही कुणाकडची?" मी म्हटलं, कुणाकडचीच नाही, बनवलेली आहे. "म्हणूनच," ती म्हणाली आणि पुढे गेली.

भाची आतल्या दालनात होती. जीन्स घातलेली, केस वर बांधलेले. कुणा साहेबांशी अगदी पुस्तकातल्यासारख्या मराठीत बोलत होती. आम्हाला पाहिल्यावर धावत आली आणि भिलोरीत सुरू झाली. आजीचा चष्मा काढून तिनं डोळा पाहिला, पुन्हा लावला. मग मला म्हणाली, "फुई, तू आधी एकटी बघ. मी आजीला पाणी देते."

दाराशी फळीवर लिहिलं होतं: न काढलेले फोटो. वर आमच्या भिलोरीत, खाली मराठीत. आमची बोली मी लिहिलेली फारशी पाहिलेली नाही. मी ती ओळ मोठ्यानं वाचून पाहिली.

पहिल्या फोटोपाशी मला कळेना काय चाललंय. अंधार पडत आला आहे, आमच्या काकांचं कुडाचं घर आहे, आणि घरातली सगळी माणसं एका बॅटरीच्या झोताकडे तोंड करून बसली आहेत. खाली लिहिलं होतं, 'काका पहिल्यांदा बॅटरी घेऊन आले तो दिवस'. तो दिवस तर मला आठवतो. तेव्हा काकांच्या पोरांची लग्नंही झाली नव्हती. आणि फोटोत बॅटरी धरून बसलाय तो काकांचा नातू, त्याच्या टी-शर्टवर इंग्रजी अक्षरं, शेजारी मोबाइलचा चार्जर लोंबतोय. मग ध्यानात आलं. ज्या दिवसांचे फोटो कुणी काढलेच नव्हते, ते दिवस भाचीनं घरच्यांना विचारून घेतले होते आणि आताच्या माणसांना त्या जागी बसवून पुन्हा उभे केले होते. कपडे आताचे, माणसं आताची. तिनं काही लपवलं नव्हतं. पण ती माणसं बसली होती तशीच, जशी आम्ही तेव्हा बसलो होतो. त्या रात्री काकांनी झोत छपरावर मारला तेव्हा एक पाल पळाली होती, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

दुसऱ्या फोटोत धडगावच्या बाजारात आमचुराच्या पोत्यांवर एक म्हातारा झोपला होता. एकात बांबूला बांधलेल्या झोळीतून चार जण एका बाईला खाली दवाखान्यात नेत होते, आणि झोळीतली बाई उजव्या हातानं डोळ्यांवर सावली धरून होती. ती माझी वहिनी. तिच्या पहिल्या खेपेचा तो दिवस, आणि झोळीतही तीच बसली होती. मी नर्स आहे, अशा किती बाया माझ्यासमोर झोळीतून उतरल्या, पण उन्हासाठी त्या हात धरत असतील हे कधी मनात आलं नव्हतं.

चौथ्या फोटोपुढे मात्र मी उभीच राहिले.

डोंगराच्या उतारावरची पायवाट होती. नाल्याकडे उतरायच्या आधी ती जिथं वळते, ते वळण. वळणावर एक माणूस उकिडवा बसून लाल फ्रॉकमधल्या एका लहान मुलीच्या चपलेचा पट्टा लावतोय. मुलीचा एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात कापडाचं गाठोडं. बसलेला माझा भाऊ होता, पँटच्या खिशात मोबाइलचा फुगवटा दिसत होता. मुलगी त्याची धाकटी. खाली लिहिलं होतं: 'फुई शाळेला निघाली'.

त्या दिवसाची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती. नवऱ्यालाही नाही, माझ्या मुलींनाही नाही. शाळेचे गुरुजी आमच्या पाड्यावर येऊन मुलांची नावं लिहून घेऊन गेले होते. आमच्या घरातून मला पाठवायचं ठरलं. भाऊ अजून कडेवरचा होता. आमचुराचे दिवस संपले होते, अंगणातल्या खडकावर सुकवलेल्या फोडींचा आंबट वास अजून होता. सकाळी उठले तर याहा घरात नाही. वडिलांनी भाकरी बांधून घेतली होती. मी विचारलं, याहा कुठंय? ते म्हणाले, पाण्याला गेली. मी थोडा वेळ उंबऱ्यावर बसले. मग ते म्हणाले, चल, जीप निघून जाईल. आम्ही निघालो. वळणावर माझी नवी चप्पल निसटली. वडील खाली बसले, पट्टा लावला. आणि तिथून घर दिसेनासं होतं.

आश्रमशाळेतल्या रात्री मी तेच आठवायचे. याहाला त्या दिवशीसुद्धा पाणीच महत्त्वाचं वाटलं. मला पाठवलं, भावाला ठेवलं. सुट्टीत न्यायला वडीलच यायचे. म्हणून मी त्यांची झाले. याहाशी माझं बोलणं कामापुरतं राहिलं. भांडण कधीच नव्हतं. तिला साडी नेते, औषधं देते, डोळ्याचं ऑपरेशन करवते. पण माझी थोरली कॉलेजला नाशिकला गेली तेव्हा मी होस्टेलच्या खोलीपर्यंत सोडायला गेले होते आणि तिची गादी स्वतः घालून आले होते. ते करताना मनात कोण होतं, हे मला ठाऊक आहे.

पण चपलेचं भाचीला कसं कळलं? तिथं वडील आणि मी, दोघंच होतो. वडील तर तिच्या जन्माआधीच गेले.

भाची मागं येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं."

"आजीला काय माहीत? ती नव्हती तिथं."

तेवढ्यात याहा आली. तिनं काळा चष्मा काढून हातात घेतला, फोटोच्या अगदी जवळ गेली आणि बोट दाखवून म्हणाली, "ही मी."

पायवाटेच्या वरच्या अंगाला, उतारावर, मोहाचं जुनं झाड आहे. त्याच्या खोडाला लागून एक म्हातारी बाई उभी होती. डोक्यावर घागर. अर्धी खोडाआड. मी इतका वेळ बघत होते, मला ते सगळं झाडच वाटलं होतं. आता दिसली तशी दुसरं काही दिसेना. आजची याहा, पांढऱ्या केसांची, वाकलेली, कॅमेऱ्याकडे न बघता खाली वळणाकडे बघणारी.

मी विचारलं, "याहा, तू इथं काय करतेस?"

"उभी आहे."

"तू पाण्याला गेली होतीस."

"पाण्यालाच गेले होते. घागर भरली आणि येताना तिथं थांबले. तुझा बाप म्हणाला होता, तू समोर आलीस तर पोरगी चालायची नाही." तिनं पदरानं डोळा टिपला. ऑपरेशन झाल्यापासून त्यातून पाणी येतच होतं. "तू तर चालली असतीस. मीच चालू दिलं नसतं."

मग फोटोकडे बघत ती सांगू लागली, जणू ते आत्ताच घडत होतं. "तू थांबलीस. मला वाटलं, माघारी फिरली. मी घागर उतरवायला लागले. मग बघते तर तू पाय पुढे केलास आणि तो खाली बसला. बराच वेळ लागला त्याला. त्याची बोटं जाड होती, पट्टा बारीक. मग तू त्याच्या खांद्याला धरून पाय आपटून बघितलास."

पाय आपटल्याचं मी विसरले होते. तिनं सांगितलं आणि तळपायाला नव्या रबराचा तो घट्टपणा जाणवला.

"नंतर का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगायचं त्यात? पाण्याला गेले हे खरंच होतं." पुढे म्हणाली, "जीपचा आवाज येईपर्यंत उभी होते. मग घागर घेऊन घरी गेले. भाऊ तुझा काकूकडे रडत होता."

मी तिचा दंड धरला. हाड आणि सुती कापड हाताला लागलं. वॉचमन दारातून हे बघत होता. तो जवळ आला, एकदा फोटोकडे आणि एकदा याहाकडे पाहून म्हणाला, "आजी, हाई तुमनाच फोटो शे ना? मी रोज दखस, पन मन्हा ध्यानमाच उनं नही." याहा लाजली आणि तिनं चष्मा लावला.

बाहेर आवारात बाकावर बसून आम्ही चहा घेतला. भाचीनं सांगितलं की मोहाआडचं सगळं आजीनंच ठरवलं. भाचीला आधी फक्त वडील आणि मुलगी घ्यायची होती. कॅमेरा लावून झाला तशी आजी घागर घेऊन वर चढायला लागली. कुठं चाललीस, विचारलं तर म्हणाली, माझ्या जागी. "तेव्हा मला कळलं," भाची म्हणाली. "मी आजीला म्हटलं, फुईला ठाऊक आहे का? ती म्हणाली, ठाऊक असेल."

"फ्रॉक मात्र चुकलाय," मी म्हटलं. "माझा निळा होता. आणि तेव्हा डोंगर हिरवा व्हायला लागला होता, तू सगळा वाळलेला दाखवलास."

"बाबा उन्हाळ्यातच घरी असतात, फुई. नंतर शेतीत हात मोकळा नसतो, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातला जातात."

"लालच होता," याहा म्हणाली. "मी शिवून घेतला होता."

यावर मी वाद घातला नाही. भावाचं मनात आलं. एकदा तो थकून ऊसतोडीवरून आला होता, जेवताना सहज बोलून गेला होता, "तुला पाठवलं, मला ठेवलं." एकच सकाळ आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून बसलो होतो.

याहा आणखी पंधरवडाभर माझ्याकडे राहिली. त्या दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं कधी बोललो नव्हतो. मी ड्युटीवरून आले की ती ओट्यावर माझ्यासाठी जागा करायची. मी विचारायचे आणि ती सांगायची. मी गेल्यावर शेळी माझ्या झोपायच्या जागी येऊन बसायची. वडील मला सोडून परत आले तेव्हा जेवले नाहीत, म्हणाले, रस्त्यात खाल्लं. ऊसतोडीला उतरल्यावर एकदा ती आणि वडील शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन गेले होते, पण आत परीक्षा चालू होती. कुंपणाची गोष्ट ऐकून मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

भाचीचा पुन्हा फोन आला. "फुई, तुझा एखादा न काढलेला फोटो सांग ना. तू एकटीच सांगायची राहिलीस."

मी म्हटलं, विचार करून सांगते. पण विचार करावा लागला नाही. दिवाळीच्या पहिल्या सुट्टीत मी घरी गेले होते. डोकं उवांनी भरलेलं. मी याहाशी बोलत नव्हते. तिनं मोहाच्या बियांचं तेल कोमट करून आणलं आणि दुपारभर दारात बसून माझे केस विंचरले. तीही बोलत नव्हती. कुठल्या तरी वेळी मी तिच्या मांडीवर झोपून गेले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, याहा तशीच बसून होती आणि तिचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. उभं राहताना ती भिंतीला धरून हसली होती.

भाचीनं हे सगळं ऐकून विचारलं, "ऊन कुठून येत होतं?"

"मागून. कुडाच्या फटीतून."

ओट्यावरून याहाचा आवाज आला, "दारातून. कूड तेव्हा नवा होता, फटी कुठल्या?"

मे महिन्यात रजा टाकून मी वर गेले. धडगावपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटचा तुकडा पायी, कारण गाडीरस्ता अजून पाड्यापर्यंत गेलेला नाही. भाऊ घरी होता. अंगणात कैऱ्यांचा ढीग होता आणि सगळं घर फोडी करायला बसलं होतं. मी भावाशेजारी बसले, विळा घेतला. त्याला म्हणाले, फोटोत तू अगदी त्यांच्यासारखा बसला होतास. तो म्हणाला, "मला कुठं आठवतात ते तसे बसलेले? याहानं सांगितलं तसा बसलो. तीनदा उठवलं तिनं मला, अजून खाली हो म्हणाली." मग हसला. मी त्याला म्हसावदहून आणलेले पेढे दिले. एवढंच झालं, पण आमच्या दोघांत बरं वाटलं.

दुपारी भाचीनं दारात कॅमेरा लावला. मी विचारलं, माझ्या जागी कोण बसणार, तुझी धाकटी बहीण? ती म्हणाली, "नाही, तूच बस."

मी अंबाडा सोडला आणि याहाच्या पुढ्यात जमिनीवर बसले. माझे गुडघे आता मुडपत नाहीत, ते कसेबसे एका बाजूला घेतले. तेलाचा वास आला, उग्र, थोडा जळकट. याहानं माझं डोकं मागं ओढलं. नव्या डोळ्यानं ती बट बट वेगळी करून बघत होती.

"किती पिकलेत," ती म्हणाली. "माझ्याहून जास्त."

"आजी, बोलू नको," भाची म्हणाली.

"त्या दिवशी बोलत नव्हते. आज बोलू दे."

ऊन दारातून येत होतं. शेळी आत डोकावली, तिला कुणी हाकललं नाही. भाचीनं केव्हा फोटो घेतला मला कळलं नाही. तिनं कॅमेरा बॅगेत ठेवला, त्याचं तीन पायांचं तिकाटणं मिटवलं, तरी याहाची फणी चालूच होती. मग वहिनीनं जेवायला हाक मारली, आणि याहा म्हणाली, "थांब, हिची एक बाजू राहिलीय."